अंगावरचं दूध कमी पडतं तेव्हा

माझ्या मुलीचा जन्म ऐन मे महिन्यातला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. सिझेरियन करावं लागलं, रक्तस्राव बराच झाला आणि दूध उतरायला उशीर झाला. उतरलं तेव्हाही ते तिला पुरेना. त्या दिवसांत घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईकडे एक उपाय होता. त्यातले काही खरोखर उपयोगी पडले, काही निरुपद्रवी होते आणि काही तर तान्ह्या बाळाला धोक्याचे होते. बालरोगतज्ज्ञ, आशाताई, स्तनपान सल्लागार आणि घरच्या जाणत्या बायका, या सगळ्यांकडून जे शिकले ते इथे लिहिते आहे. दूध कमी असणं हा बाईचा दोष नाही, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. ती तपासता येणारी, बऱ्याचदा सुधारता येणारी गोष्ट आहे आणि ते काम एकट्या आईवर टाकायचं नसतं.

१. रडण्यावरून ठरवू नका, वजनावरून ठरवा

बाळ रडलं की ‘दूध पुरत नाही’ हा निकाल घरात लगेच लागतो. पण तान्हं बाळ अनेक कारणांनी रडतं. संध्याकाळी दोन-तीन तास सारखं छातीला लागून राहणं हे नवजात बाळाचं नेहमीचं वागणं आहे. काही आठवड्यांनी स्तन मऊ वाटू लागतात, तेही दूध आटल्याचं लक्षण नव्हे. पाजून झाल्यावर बाटली दिली आणि बाळाने ती संपवली, यावरूनही काही सिद्ध होत नाही. तोंडात आलेलं चोखायचं, ही त्या वयाची उपजत सवय असते.

खरे पुरावे तीन. पहिला वजनाचा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. ही घट सात टक्क्यांच्या पुढे गेली तर पाजणं कसं चाललंय ते बारकाईने पाहायला हवं आणि दहा टक्क्यांपर्यंत गेली तर लगेच डॉक्टरांकडे जायला हवं. साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ व्हायला हवी. दुसरा पुरावा लघवीचा: पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा, फिक्या रंगाची. तिसरा शीचा: सुरुवातीची काळी, चिकट शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी.

आमच्याकडे याची वही घातली होती आणि ती माझे वडील लिहायचे. त्या वहीमुळेच कळलं की आमच्या बाबतीत तुटवडा खरा आहे. लंगोट कमी ओले होत होते, त्यावर विटकरी डाग दिसत होते, वजन मर्यादेपलीकडे उतरलं होतं आणि कावीळ वाढत होती. बाळ सुस्त पडलं, पाजायला उठवलं तरी उठेना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, हातपाय पिवळे दिसले किंवा अंग तापलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

२. चीक थोडाच असतो, आणि तेवढाच लागतो

पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला जेमतेम चमचाभर, कधी त्याहूनही कमी पितं. दाटसर, पिवळट चीक तेवढाच येतो आणि रोगांशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. भरपूर दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा मधुमेह असेल, तर त्याला आणखी उशीर होऊ शकतो. ‘हिला काहीच येत नाही’ असं बोलायची ती वेळ नसते. बाळाला वारंवार छातीला लावायची ती वेळ असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळाला छातीला लावावं. आपल्या देशात हे किती घडतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ४१.८ टक्के होतं. सिझेरियनमध्ये कमरेखालचाच भाग बधिर केलेला असेल तर आई शुद्धीवर असते आणि बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. माझं बाळ मला बऱ्याच तासांनी मिळालं. म्हणून सांगते, नवव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून ठेवा: बाळ माझ्याकडे कधी देणार, आणि बाळाला वरचं काही देण्याआधी मला सांगणार ना?

३. बाळाने कसं धरलंय, ते आधी पाहा

दूध कमी पडण्याच्या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं की बाळाने स्तन नीट धरलेला नाही. नुसतं बोंड तोंडात घेऊन चोखलं तर आईला भेगा पडतात आणि बाळाच्या पोटात फारसं जात नाही. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडायला हवं. बोंडाभोवतीचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, जास्तीत जास्त तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. बाळ नीट पीत असेल तर दोन-चार चोखण्यांनंतर गिळल्याचा हलका आवाज येतो. पाजताना सतत दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कडेने घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं.

ज्या हाताने बाळाचं डोकं धरतो, त्याच्या विरुद्ध हाताने स्तनाला आधार द्यायचा, ही पद्धत मला सल्लागार बाईंनी शिकवली. टाके ओढत असताना बाळ काखेखाली धरून पाजण्याची पद्धत सोयीची गेली. आयआयटी मुंबईच्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी यावर काम केलं आहे. त्यांचे मराठी व्हिडिओ मोफत पाहता येतात. बाळंतपणाच्या आधी ते आईने पाहावेतच, शिवाय तिच्याजवळ राहणाऱ्या बाईनेही पाहावेत, कारण त्या पहिल्या दिवसांत बाळंतिणीला बसायचंही त्राण नसतं.

४. दूध निघालं तरच दूध बनतं

हे तत्त्व एकदा कळलं की बाकीचं आपोआप समजतं. स्तन रिकामा होत गेला की शरीराला आणखी दूध बनवण्याचा इशारा मिळतो. दूध साठून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो. म्हणून घड्याळ लावून दर तीन-चार तासांनीच पाजायचं, रात्री बाळाला दुसऱ्या खोलीत निजवायचं, ‘आज वरचं देऊ, म्हणजे रात्रीपर्यंत छाती भरेल’ असा विचार करायचा, यातली प्रत्येक गोष्ट उत्पादन कमी करते. नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं असतं. रात्रीचं पाजणं टाळू नये, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं.

बाळ अशक्त असलं की ते छातीशी लागताच झोपतं. तेव्हा स्तन हाताने हलकेच दाबत राहायचं, म्हणजे दूध तोंडात येतं आणि बाळ पुन्हा गिळू लागतं. त्याने सोडलं की दुसरी बाजू द्यायची. पाजून झाल्यावर काही मिनिटं हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. पहिल्या दिवसांत चीक काढायला हातच चांगला, पंपाच्या भांड्यात तो नुसता चिकटून राहतो. पंपाचं नरसाळं आपल्या मापाचं हवं, नाहीतर दुखतं आणि दूधही कमी निघतं. बाटलीत किती जमलं, यावरून छातीत किती आहे हे मात्र ठरवू नये. नीट लागलेलं बाळ पंपापेक्षा जास्त दूध ओढतं.

५. कारण शोधल्याशिवाय गप्प बसू नका

पकड सुधारली, पाजणं वाढवलं, तरी माझं दूध हवं तितकं वाढेना. तेव्हा सल्लागार बाईंनी रक्त तपासायला लावलं. थायरॉईड मंद निघालं. गोळी सुरू झाली. ती अंगावर पाजताना घेता येते. पुढच्या काही आठवड्यांत दूध हळूहळू वाढलं. तपासणी झाली नसती तर मी माझ्या शरीराला बोल लावत बसले असते.

दूध कमी असण्यामागे वैद्यकीय कारणं असतात. वारेचा तुकडा गर्भाशयात राहून गेलेला असू शकतो. प्रसूतीत खूप रक्त गेल्याने मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली असू शकते. मोठा रक्तक्षय, पीसीओएस, मधुमेह, स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, दूध बनवणाऱ्या ग्रंथींचीच वाढ कमी झालेली असणं, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी, हेही असू शकतं. कधी अडचण बाळाकडे असते: ते दिवस भरण्याआधी जन्मलेलं असतं किंवा त्याच्या जिभेखालचा पडदा आखूड असतो. ‘काहींना येतच नाही’ म्हणून विषय मिटवू नका. डॉक्टरांना नेमकं विचारा: माझं थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पाहिलं का? बाळाची जीभ पाहिली का?

६. वरचं दूध लागलंच, तर ते औषधासारखं द्या

माझ्या मुलीला वरचं दूध द्यावं लागलं आणि ते दिल्याने ती सावरली. ज्या बाळाचं वजन घसरतंय त्याला उपाशी ठेवून स्तनपान साधत नाही. अंगात ताकद आली की बाळ छातीलाही जोमाने लागतं. पण ते किती, कधी आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. आमचा क्रम असा होता: आधी दोन्ही बाजूंना पाजायचं, मग काढून ठेवलेलं माझं दूध द्यायचं, आणि उरलेली गरज पावडरच्या दुधाने भागवायची. हे सगळं बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, दर वेळी उकळून घेतलेल्या भांड्यांतून. वजन वाढू लागलं तशी डॉक्टरांनी वरची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली.

पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवायची. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवलं तर बाळाचं पोषण बुडतं. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध पाणी घालूनसुद्धा रोजचं दूध म्हणून देऊ नये. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, त्यानुसार बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आणि आईला फुकट नमुने वाटायला बंदी आहे. म्हणून डबा हाती कुणी आणि का ठेवला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळासाठी मिल्क बँकही असते. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे दान आलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून दिलं जातं. बाळ अतिदक्षता विभागात असेल तर जवळ अशी बँक आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

७. उन्हाळा कितीही असो, पाणी, मध, घुटी नको

गावाकडे मे महिन्यात पारा चाळिशीपर्यंत जातो. ‘लेकराचा घसा सुकला असेल, दोन चमचे पाणी पाजा’ असं मायेने सांगणारे पुष्कळ भेटले. पण आईच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने बाळाला वेगळं पाणी लागत नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं, बाळ तेवढं दूध कमी पितं, आणि जास्त पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम घसरून आकडीसुद्धा येऊ शकते. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि आईने पाणी प्यायचं. मधाचं बोट वर्षाच्या आत कधीच लावू नये, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घुटीनेही दूध पिणं कमी होतं आणि जंतू पोटात जातात.

माझ्या आजीला हे पटायला वेळ लागला. शेवटी आशाताईंनी तिला शेजारी बसवून, लंगोटांची वही दाखवून समजावलं, तेव्हा ती म्हणाली, “तू म्हंतीस तर ऱ्हाऊ दे, पर पोरीला सारखं पाजायला घ्या.” तिचं ते दुसरं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं.

८. लाडू खा, पण सगळा भार लाडवावर टाकू नका

अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, खसखस, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, बाळंतशोपा, शतावरी कल्प, हे सगळं माझ्या आईने निगुतीने केलं आणि मी आनंदाने खाल्लं. त्यातून लोह, कॅल्शियम, ऊर्जा मिळते आणि कुणीतरी आपल्यासाठी राबतंय याचं बळ मिळतं. मात्र यातल्या एखाद्या पदार्थाने दूध हमखास वाढतं, असा भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. पाजणं आणि दूध काढणं नीट नसेल तर डबाभर लाडवांनीही फरक पडत नाही. मधुमेह किंवा आणखी कशाची औषधं चालू असतील तर मेथी आणि शतावरी डॉक्टरांना विचारून घ्या. दूध वाढवायच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणू नका, त्यातल्या काहींचे हृदयावर परिणाम होऊ शकतात.

पोटभर खाणं मात्र हवंच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नुसत्या मऊ भात-तुपावर तिला ठेवून चालत नाही. डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, अंडी, मासे, घरात जे चालतं ते सगळं तिच्या ताटात यायला हवं. बाळंतिणीचं पाणी तोडण्याची जुनी रीत सोडायला हवी. तहान लागेल तेवढं पाणी तिने प्यावं, आणि पाजायला बसताना तिच्या हाताशी तांब्या असावा.

९. घराने जिभेला आवर घालावा आणि हाताने काम करावं

दूध बनवतं प्रोलॅक्टिन, पण ते बाळाच्या तोंडापर्यंत वाहून आणतं ऑक्सिटोसिन. ताण, वेदना आणि लाज यांनी ऑक्सिटोसिन अडतं. पान्हा फुटायला निवांतपणा लागतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. ‘आमच्या वेळी धारा लागायच्या’ किंवा ‘हिच्या अंगाला दूधच नाही’ ही वाक्यं बाळंतिणीच्या कानावर गेली की त्यांचा परिणाम तिच्या शरीरावर होतो.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा मला त्यांची धास्ती वाटत होती. त्यांनी पाहुण्यांना ओसरीवरच चहा दिला, खोलीचं दार लोटून घेतलं आणि मला म्हणाल्या, “सूनबाई, तू फक्त पाज आणि झोप. बाकीचं मी बघते.” नवऱ्याने रात्रीचा एक भाग उचलला: बाळाला माझ्याकडे आणून द्यायचं, ढेकर काढायचा, दुपटं बदलायचं, पंपाची भांडी उकळायची. दुपारी उन्हं उतरेपर्यंत मी मुलीला उघड्या छातीवर घेऊन पडायचे, वरून पातळ सुती लुगडं. त्या स्पर्शाने बाळ शांत राहतं, आपणहून छाती शोधतं आणि दूध उतरायला मदत होते.

आणि एक महत्त्वाचं. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तो बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि बहुतेक औषधं पाजतानाही घेता येतात. मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्या क्षणी कुणाला तरी सांगा. घरच्यांनीही तिला एकटं न ठेवता लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

१०. मदत जवळच असते, ती मागून घ्या

दवाखान्यात प्रसूती झालेल्या आईच्या घरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देणं अपेक्षित असतं. वजनकाटा त्यांच्याकडे असतो. घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्याच स्त्रियांना शिकवून उभी केली. तिच्यामुळे बालमृत्यू किती कमी झाले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. आमच्या आशाताई वेळेवर आल्या नसत्या तर वजनातली घट आणखी उशिरा लक्षात आली असती. कुणाच्या घरी भेट झाली नसेल तर आरोग्य उपकेंद्रात निरोप धाडा.

नोकरी करणाऱ्या बायकांनी आपला हक्कही माहीत करून घ्यावा. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. दूध टिकवायला औषधापेक्षा अशा सोयी जास्त कामी येतात.

११. अर्धं दूधही दूधच असतं

माझं दूध वाढलं, पण मुलीची पूर्ण भूक माझ्या एकटीच्या दुधावर कधी भागली नाही. वरची मात्रा कमी होत होत एका ठिकाणी थांबली आणि तिथेच राहिली. सहा महिन्यांनी भाताची पेज, मऊ खिमट, वरण सुरू झालं आणि तिची भूक तीन ठिकाणी वाटली गेली. अंगावर ती वर्षानंतरही पीत राहिली.

आईच्या दुधातून मिळणारी प्रतिकारशक्ती ‘पूर्ण’ पाजणाऱ्या आईपुरतीच राखीव नसते. दिवसाला वाटीभर मिळालं तरी तेवढं बाळाच्या अंगी लागतं. आणि जिला वाटीभरही आलं नाही, जिला आजारामुळे किंवा औषधांमुळे पाजताच आलं नाही, तिचं बाळही योग्य वरच्या दुधावर, तिच्या उबेत चांगलं वाढतं. आपल्या समाजाने दुधावरून बाईची परीक्षा घेणं थांबवायला हवं. बाळाचं वजन वाढतंय का, आई जेवली का, तिची झोप झाली का, तिच्या तपासण्या झाल्या का, हे चार प्रश्न रोज विचारले जावेत. त्यांची उत्तरं देणं ही सगळ्या घराची जबाबदारी आहे.